आरोग्य कर्मचारी आणि संसर्गाचे गणित : प्रस्तावना

संसर्गजन्य रोगांच्या गणिती अभ्यासात लोकसंख्येचे जे विभाग पाडले जातात, त्यांत आरोग्य कर्मचाऱ्याचे स्थान ठरवणे सर्वांत अवघड आहे. परिचारिका, निवासी डॉक्टर, वॉर्डबॉय, आया, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि सफाई कामगार ही माणसे रोग्याच्या इतरांपेक्षा कितीतरी अधिक जवळ जातात, म्हणून त्यांना संसर्गाचा धोका अधिक असतो. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे तीच जातात, म्हणून रोगजंतूंची ने-आणही त्यांच्या हातून घडू शकते. आणि साथ आटोक्यात आणण्याचे काम अखेर त्यांनाच करायचे असते, म्हणून त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले की साथीला आवर घालणारी शक्तीच तेवढी घटते. बाधित होणारा, जंतू वाहून नेणारा आणि उपचार करणारा या तीनही भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्यामुळे, यांपैकी एकच भूमिका विचारात घेणारे गणित रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला चुकीचा सल्ला देण्याची शक्यता असते. हा धोका कोठून उद्भवतो आणि तो टाळून प्रतिमान कसे रचावे, हे स्पष्ट करणे हा पुढील प्रकरणांचा हेतू आहे.

गणिती प्रतिमान, म्हणजे रूढ भाषेत मॉडेल, हे प्रत्यक्ष साथीचे चित्र नसते. साथ कशी पसरत असावी याविषयीची गृहीतके समीकरणांच्या रूपात मांडून, ती खरी असतील तर पुढे काय घडायला हवे हे काढण्याची ती पद्धत आहे. अनुभवी डॉक्टरच्या किंवा प्रशासकाच्या मनातही अशी गृहीतके असतातच, परंतु ती उघडपणे मांडलेली नसल्यामुळे कोणाला तपासता येत नाहीत. समीकरणात मात्र प्रत्येक गृहीतकाला जागा आणि आकडा द्यावाच लागतो. एका रोग्याला दिवसभरात किती जणांचा स्पर्श होतो, एका स्पर्शातून जंतू पुढे जाण्याची शक्यता किती, बाधित व्यक्ती किती दिवस संसर्गक्षम राहते, अशा राशींना प्राचले म्हणतात. प्राचल बदलले की उत्तर बदलते, आणि कोणत्या प्राचलातील लहानशा बदलाने उत्तर सर्वांत जास्त हलते हे समजणे, हाच प्रतिमानाचा व्यवहारातील मुख्य उपयोग होय.

या शास्त्राची एक महत्त्वाची वाट भारतातून निघाली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे परजीवी आढळले आणि या संशोधनासाठी १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो सूक्ष्मदर्शकाने सुटणारा नव्हता : एखाद्या प्रदेशातील डास पूर्णपणे नाहीसे करणे जर अशक्य असेल, तर हिवताप थांबण्याची आशा धरावी की नाही? रॉस यांनी समीकरणे मांडून दाखवले की डास शून्यावर आणण्याची गरज नाही. माणसांच्या तुलनेत डासांचे प्रमाण एका विशिष्ट उंबरठ्याखाली गेले, की एक रोगी आपल्यामागे सरासरी एकही नवा रोगी ठेवू शकत नाही आणि रोग आपोआप ओसरत जातो. एका रोग्यामुळे, सर्वजण संसर्गाला बळी पडू शकतील अशा समूहात, सरासरी किती नवे रोगी निर्माण होतात या संख्येला पुढे मूलभूत पुनरुत्पादन अंक हे नाव मिळाले. तो एकपेक्षा जास्त असेल तर साथ वाढते, एकपेक्षा कमी असेल तर विझते. विसाव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी रॉस यांची समीकरणे अधिक नेटकी केली, म्हणून आज ती रॉस-मॅकडोनाल्ड प्रतिमान या नावाने ओळखली जातात.

दुसरी वाट मुंबईच्या आकड्यांपर्यंत येऊन पोहोचते. १९०१ मध्ये रॉस यांच्यासोबत सिएरा लिओनला गेलेले आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले अँडरसन मॅकेंड्रिक, आणि प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम केरमॅक, या दोघांनी १९२७ मध्ये एडिंबरा येथून एक निबंध प्रसिद्ध केला, ज्यावर आजचे बहुतेक साथ-गणित उभे आहे. त्यांनी लोकसंख्येचे तीन भाग कल्पिले : अद्याप संसर्ग न झालेले, सध्या संसर्गक्षम असलेले, आणि बरे होऊन किंवा मृत्यू पावून साखळीबाहेर गेलेले. एका भागातून दुसऱ्या भागात माणसे कोणत्या वेगाने जातात हे सांगणारी अवकल समीकरणे, म्हणजे क्षणाक्षणाच्या बदलाचा दर मांडणारी समीकरणे, त्यांनी लिहिली आणि त्यांतून निघणारा घंटेच्या आकाराचा वक्र मुंबईतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगमृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांशी ताडून पाहिला. वक्र आणि आकडे यांचा मेळ विलक्षण चांगला बसला.

हा मेळ या शास्त्राचा अभिमानाचा विषय आहे, तसाच तो सावधगिरीचा धडाही आहे. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमधून माणसाला होतो. ती समीकरणे मात्र थेट एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगाची होती, आणि माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानावे लागते हे स्वतः लेखकद्वयाने नमूद केले होते. आकड्यांशी वक्र जुळला म्हणून वक्रामागची यंत्रणा खरी ठरत नाही, हे तत्त्व प्रत्येक प्रतिमानकाराने पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. दुसरी उणीव अधिक खोल आहे. त्या वक्रात मरण पावलेला प्रत्येक जण सारखाच आहे. रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगला बळी पडलेल्यांची वेगळी नोंद त्यात नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत हे त्या काळात पुण्याबाहेर माळरानावर प्लेगच्या रोग्यांवर उपचार करीत होते. शुश्रूषा करणाऱ्याच्या वाट्याला येणारा धोका लोकांना तेव्हाही चांगला माहीत होता. समीकरणात त्याला जागा मिळण्यास मात्र अनेक दशके जावी लागली.

शुश्रूषा करणारा हात जंतू वाहून नेऊ शकतो, याचा एक ठोस संख्यात्मक पुरावा त्याहून जुना आहे आणि तो व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील दोन प्रसूतिकक्षांमधून मिळाला. पहिल्या कक्षात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत आणि ते शवविच्छेदनही करीत. दुसऱ्या कक्षात सुईणींचे प्रशिक्षण चाले आणि त्यांचा शवविच्छेदनाशी संबंध नसे. कोणत्या दिवशी आलेली स्त्री कोणत्या कक्षात जाईल हे वारावरून ठरत असल्यामुळे दोन्हीकडील स्त्रियांमध्ये फारसा फरक नव्हता. तरीही १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या कक्षातील मातामृत्यूंचे प्रमाण सुमारे १० टक्के होते, तर दुसऱ्यातील साडेतीन टक्क्यांच्याही आत. मे १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले पहिल्या कक्षातील प्रमाण जूनमध्ये सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आले, आणि १८४८ या वर्षात दोन्ही कक्षांतील प्रमाण जवळजवळ सारखे, दीड टक्क्याच्या आत राहिले. जंतुसिद्धान्त तेव्हा मान्य झालेला नव्हता. सेमेलवाइस यांच्याजवळ फक्त मृत्यूंचे तक्ते आणि त्यांची तुलना करण्याची चिकाटी होती. त्यांच्या निष्कर्षाला सहकाऱ्यांनी जो विरोध केला त्यामागे शास्त्रीय शंकांइतकाच, डॉक्टरांचे हात मृत्यूला कारण ठरतात हे ऐकून झालेला दुखावलेपणाही होता. हा दुखावलेपणा आजही संपलेला नाही, आणि त्याचे उत्तर गणितातच सापडते, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू रुग्णालयांत वाढू लागले, तेव्हा संशोधकांना रॉस यांच्या समीकरणांची आठवण झाली. हिवतापात रोगी माणसाकडून निरोगी माणसाकडे परजीवी थेट जात नाही, मध्ये डास असतो. अतिदक्षता विभागातही खाटेवरचा एक रोगी दुसऱ्या रोग्याला सहसा स्पर्श करीत नाही, मध्ये कर्मचाऱ्याचे हात असतात. म्हणून रोग्यांना माणसांच्या जागी आणि कर्मचाऱ्यांच्या हातांना डासांच्या जागी ठेवून तेच प्रतिमान वापरता येते. १९९९ मध्ये ऑस्टिन, बाँटन, वाइनस्टाइन, स्लॉटर आणि अँडरसन यांनी शिकागोतील एका अतिदक्षता विभागातील, व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या एंटेरोकॉकस जिवाणूंच्या प्रसाराचा अभ्यास याच पद्धतीने केला. काहीही खबरदारी न घेतल्यास पुनरुत्पादन अंक ३ ते ४ च्या घरात असेल, आणि हात धुणे व ठरावीक परिचारिकांना ठरावीक रोगीच नेमून देणे या उपायांमुळे तो ०.७ च्या आसपास आला, असा त्यांचा निष्कर्ष होता. अंक एकच्या खाली गेल्यावर जिवाणू नाहीसे व्हायला हवे होते, परंतु विभागातील सुमारे ३६ टक्के रोग्यांच्या शरीरावर ते वसलेले आढळत राहिले, कारण बाहेरून येणारे नवे रोगी ते सोबत घेऊन येत होते. उंबरठ्याचे गणित बंद समूहासाठी असते, आणि रुग्णालयाचा दरवाजा कधीच बंद नसतो. तरीही उपाय व्यर्थ ठरले नव्हते. ते केले नसते तर हेच प्रमाण ७९ टक्क्यांपर्यंत गेले असते, असे प्रतिमान सांगत होते.

डासाच्या जागी कर्मचारी ठेवण्याची ही पद्धत उपयुक्त आहे, पण तिच्यात एक सापळा आहे, आणि तो नीट समजून घेणे हे या विषयाचे मर्म आहे. रॉस यांच्या प्रतिमानात डासांची संख्या घटली की हिवताप घटतो. रुग्णालयात कर्मचाऱ्यांची संख्या घटली की संसर्ग वाढतो. एकाच समीकरणातून दोन उलट निष्कर्ष निघतात, याचे कारण स्पर्शाची गरज कोणाची आहे यात दडलेले आहे. डास स्वतःच्या भुकेपोटी चावतो, म्हणून डास निम्मे झाले की चावेही निम्मे होतात. परिचारिका मात्र रोग्याच्या गरजेपोटी स्पर्श करते : सलाइन बदलायचे असते, कूस बदलून द्यायची असते, जखम पुसायची असते, ताप पाहायचा असतो. परिचारिका निम्म्या केल्या म्हणून या कामांची संख्या कमी होत नाही, ती उरलेल्यांच्या वाट्याला येतात. आता समीकरणात पाहिल्यास, बाधित रोग्याला दिवसभरात जेवढे स्पर्श होतात तेवढे तसेच राहतात, परंतु ज्या परिचारिकेचे हात दूषित झाले तिला त्यानंतरच्या तेवढ्याच वेळात पूर्वीच्या दुप्पट स्पर्श करावे लागतात. हात दूषित राहण्याचा सरासरी काळ बदलला नाही असे मानले, तरी पुनरुत्पादन अंक दुप्पट होतो. प्रत्यक्षात कामाचा ताण वाढल्याने हात धुण्यास वेळ मिळत नाही, म्हणजे दूषित राहण्याचा काळही लांबतो आणि अंक दुपटीच्याही वर जातो. सहा खाटांमागे एक परिचारिका आणि बारा खाटांमागे एक परिचारिका यांतील फरक हा केवळ सोयीचा किंवा खर्चाचा नसून, साथ विझेल की पेटेल हे ठरवणारा असू शकतो.

हात धुण्याच्या प्रश्नाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. समजा, एखाद्या विभागात कोणीच हात धूत नसताना एका रोग्याकडून सरासरी तीन नव्या रोग्यांपर्यंत जंतू पोहोचतात, आणि योग्य प्रकारे हात धुतले की त्या स्पर्शातून प्रसार होत नाही. दहापैकी चार प्रसंगी हात धुतले गेले तर अंक १.८ राहील, म्हणजे प्रसार चालूच राहील. दहापैकी सात प्रसंगी धुतले गेले तर तो ०.९ होईल आणि साखळी तुटू लागेल. चाराचे सात होणे हे दिसायला माफक वाटते, तरी त्याने उंबरठा ओलांडला जातो. डिडिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिनिव्हाच्या रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात खाटेजवळच अल्कोहोलयुक्त द्रावण उपलब्ध करून देऊन आणि सातत्याने प्रबोधन करून हातांच्या स्वच्छतेचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर नेले, तेव्हा रुग्णालयात होणाऱ्या संसर्गांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली आले. या प्रयोगातील कळीची गोष्ट म्हणजे द्रावणाची बाटली हाताशी आली. वॉर्डाच्या टोकाला असलेल्या एकाच बेसिनपर्यंत जाऊन साबणाने हात धुऊन परत येण्यास लागणारा वेळ, एका पाळीत करावयाच्या स्पर्शांच्या संख्येने गुणला, तर कित्येक विभागांत तो संपूर्ण पाळीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. समीकरणातील ‘पालनाचे प्रमाण’ हे प्राचल म्हणूनच कर्मचाऱ्याच्या सचोटीची मोजदाद करीत नाही. नळ, पाणी, द्रावण, खाटांमधील अंतर आणि नेमणुकांची संख्या यांचा तो एकत्रित परिणाम असतो. सेमेलवाइस यांच्या सहकाऱ्यांना जे आरोपासारखे वाटले, ते गणिताच्या भाषेत व्यवस्थेविषयीचे विधान ठरते.

आतापर्यंत वर्णिलेली प्रतिमाने सरासरीवर चालतात. परंतु दहा-बारा खाटांच्या विभागात सरासरी फसवी असते. पुनरुत्पादन अंक एकपेक्षा थोडा जास्त असूनही योगायोगाने साखळी तुटू शकते, आणि तो एकपेक्षा कमी असूनही योगायोगानेच पाच-सहा रोगी एका आठवड्यात बाधित होऊ शकतात. म्हणून लहान समूहांसाठी यादृच्छिक प्रतिमाने वापरतात, ज्यांत प्रत्येक घटना संभाव्यतेने घडते आणि तीच साथ संगणकावर हजारो वेळा चालवून निष्पत्तींचा पल्ला पाहिला जातो. अशा प्रतिमानांचा व्यवस्थापनाला मिळणारा धडा असा की, एखादा उपाय योजल्यावर महिनाभरात संसर्ग कमी झाला म्हणून तो यशस्वी ठरला, किंवा वाढला म्हणून कोणाची तरी चूक झाली, असा निर्णय घाईने देऊ नये.

सरासरी आणखी एका कारणाने फसवते. सर्व कर्मचारी सारख्याच रोग्यांना, सारख्याच वेळा भेटत नाहीत. फ्रान्समधील ल्यों येथील एका वार्धक्य विभागात ४६ कर्मचारी आणि २९ रोगी यांच्या अंगावर लहान रेडिओ संवेदक लावून समोरासमोरची जवळीक नोंदवण्यात आली, तेव्हा पाच दिवसांच्या आत १४ हजारांहून अधिक संपर्क मोजले गेले, आणि रोग्यांचा समावेश असलेल्या संपर्कांपैकी सुमारे ४२ टक्के संपर्क अवघ्या सहा कर्मचाऱ्यांच्या वाट्याचे होते. त्याआधी २००९ मध्ये तेमीम आणि सहकाऱ्यांनी प्रतिमानाच्या आधारे दाखवले होते की, एका विशिष्ट गटाची देखभाल करणाऱ्या परिचारिकेपेक्षा, रोज सगळ्या रोग्यांना थोडा थोडा वेळ भेटणारा फिजिओथेरपिस्टसारखा फिरता कर्मचारी हातांच्या स्वच्छतेत कमी पडला, तर प्रसार कितीतरी जास्त होऊ शकतो. लस, तपासणी किंवा संरक्षक साहित्य अपुरे असेल तेव्हा ते आधी कोणाला द्यावे, या प्रश्नाचे उत्तर पदाच्या श्रेणीवरून न देता संपर्कांच्या जाळ्यावरून द्यावे लागते, आणि त्या जाळ्यात एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ किंवा स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय हा विभागप्रमुखापेक्षा मध्यवर्ती स्थानी असू शकतो.

हवेतून पसरणाऱ्या रोगांत हातांची जागा श्वास घेतो. विल्यम वेल्स यांच्या कल्पनेवरून रायली यांनी १९७८ मध्ये मांडलेले समीकरण येथे आधारभूत आहे. खोलीत संसर्गक्षम रोगी किती, ते हवेत जंतू किती सोडतात, निरोगी व्यक्ती किती हवा श्वासात घेते, ती तेथे किती वेळ थांबते आणि खोलीतील हवा किती वेगाने बदलते, यांवरून संसर्गाची संभाव्यता काढता येते. यांपैकी थांबण्याचा वेळ हे प्राचल रोग्याच्या नातेवाइकासाठी तासांत असते, तर क्षयरोग विभागातील परिचारिकेसाठी वर्षांत. पेरूमधील लिमा येथे केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच समीकरणाने अंदाज बांधला गेला की, उपचार न झालेल्या क्षयरोग्यांच्या सहवासात २४ तास राहिल्यास, यांत्रिक वायुवीजन असलेल्या खोल्यांत ३९ टक्के, नव्या इमारतींतील उघड्या खिडक्यांच्या खोल्यांत ३३ टक्के, आणि १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत ११ टक्के व्यक्तींना संसर्ग होईल. मुंबई-पुण्यातील जुन्या रुग्णालयांची दगडी बांधकामे आणि त्यांच्या जागी येणाऱ्या वातानुकूलित बंद इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या तीन आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

आरोग्य कर्मचाऱ्याला समीकरणात स्वतंत्र जागा मिळाली ती मुख्यतः २००३ च्या सार्स साथीमुळे. जगभरातील सुमारे ८,१०० रोग्यांपैकी २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते, आणि कॅनडातील २५१ रोग्यांपैकी ४३ टक्के. त्याच वर्षी लॉइड-स्मिथ, गॅल्व्हानी आणि गेट्झ यांनी शहर व त्यातील रुग्णालय यांचे जोड-प्रतिमान मांडले, ज्यात कर्मचारी हा दोन्ही समूहांना जोडणारा दुवा होता : दिवसा तो रुग्णालयात असतो आणि रात्री घरी जातो. शहरभर विलगीकरणाचे कठोर उपाय योजण्यापेक्षा रुग्णालयाच्या आतील सर्वंकष खबरदारी साथ आवरण्यास अधिक परिणामकारक ठरते, असे त्या प्रतिमानाने दाखवले. टोरांटोच्या अनुभवाने या निष्कर्षाला बळ दिले. मे २००३ च्या मध्यास साथ संपली असे मानून तेथील रुग्णालयांतील खबरदारी सैल करण्यात आली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १४ मे रोजी शहराचे नाव बाधित क्षेत्रांच्या यादीतून काढले. परंतु एका रुग्णालयात न ओळखलेल्या रोग्यांकडून इतर रोगी, नातेवाईक आणि कर्मचारी यांच्यात प्रसार चालूच होता, आणि २६ मे रोजी ते नाव पुन्हा यादीत घालावे लागले. ते अखेरचे निघाले २ जुलैला. रोग्यांची नोंद शून्यावर येणे आणि प्रसार शून्यावर येणे यांत फरक असतो. तो फरक मोजण्यासाठी परिपाक काल, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, हिशेबात धरावा लागतो.

कर्मचाऱ्याची तिसरी भूमिका, म्हणजे त्याच्या नसण्याने होणारी हानी, पश्चिम आफ्रिकेतील २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीने जगापुढे आणली. डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांच्यापैकी लायबेरियाने सुमारे ८ टक्के, सिएरा लिओनने सुमारे ७ टक्के आणि गिनीने एक ते दीड टक्के जण गमावले. मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके डॉक्टर असलेल्या देशांत हे नुकसान किती काळ भोगावे लागेल याचा अंदाज इव्हान्स, गोल्डस्टीन आणि पोपोव्हा यांनी २०१५ मध्ये मांडला. ही पोकळी भरून निघाली नाही तर साथीपूर्वीच्या तुलनेत मातामृत्यू गिनीत ३८ टक्क्यांनी, सिएरा लिओनमध्ये ७४ टक्क्यांनी आणि लायबेरियात १११ टक्क्यांनी वाढतील, असे त्यांचे गणित होते. या स्त्रियांचे मृत्यू इबोलाच्या कोणत्याही आलेखात दिसणार नाहीत, तरी ते त्याच साथीचे बळी असतील. येथे वर सांगितलेली उलटी संगती पुन्हा दिसते आणि अधिक भयावह होते : कर्मचारी बाधित होतो, उरलेल्यांवरचा भार वाढतो, भार वाढल्याने खबरदारी ढळते, आणि त्यातून आणखी कर्मचारी बाधित होतात. जे प्रतिमान कर्मचाऱ्यांची संख्या साथभर स्थिर धरते, त्याला हे चक्र दिसतच नाही, आणि म्हणून आरोग्यव्यवस्था कोसळण्याच्या टोकाला आली असतानाही ते निश्चिंत उत्तर देते.

भारतीय रुग्णालयासाठी प्रतिमान रचताना परदेशी प्राचले जशीच्या तशी उचलता येत नाहीत. येथील सार्वजनिक रुग्णालयात रोग्याला भरवणे, अंग पुसणे, बेडपॅन देणे, तपासणीसाठी दुसऱ्या मजल्यावर नेणे ही पुष्कळशी कामे नातेवाईक करतात, आणि एकाच्या खाटेजवळचा नातेवाईक शेजारच्या एकट्या रोग्यालाही पाणी देतो. हा माणुसकीचा व्यवहार प्रसाराच्या जाळ्यातील एक खरा धागा आहे, म्हणून नातेवाइकांचा स्वतंत्र विभाग धरल्याशिवाय येथील प्रतिमान पूर्ण होत नाही. २००१ मध्ये सिलिगुडी येथे ६६ जणांना झालेल्या निपाह विषाणूच्या प्रादुर्भावात बहुतांश रोग्यांचा रुग्णालयाशी संबंध आला होता, आणि त्यांत कर्मचाऱ्यांबरोबरच भेटायला आलेली माणसेही होती. निपाहचा माणसाकडून माणसाकडे होणारा प्रसार एरवी क्षीण असतो. तरीही २०१८ मध्ये केरळात त्याची लागण रुग्णालयांतून पसरली आणि रोग्याची शुश्रूषा करणारी एक परिचारिका तिला बळी पडली. पुनरुत्पादन अंक हा केवळ विषाणूचा गुणधर्म नसून तो जागेप्रमाणे बदलतो, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न मोजणीचा आहे. कंत्राटी सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, शवागारातील कर्मचारी, घरोघरी जाऊन सर्वेक्षण करणाऱ्या आशा स्वयंसेविका यांना ‘आरोग्य कर्मचारी’ धरायचे की नाही, यावर धोक्याचे सारे अंदाज अवलंबून असतात. कोविड-१९ मुळे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, परंतु त्याची मर्यादा ८० हजारांपासून १ लाख ८० हजारांपर्यंत दिलेली आहे. खालच्या आणि वरच्या आकड्यांत एक लाख माणसांचे अंतर असणे, याचा अर्थ जगातील बहुतेक देशांनी ही माणसे नीट मोजलीच नाहीत. मोजणी नसेल तर प्राचल नाही, आणि प्राचल नसेल तर त्या माणसाचा धोका समीकरणात शून्य धरला जातो. गणितातील असा शून्य पुढे धोरणात उतरतो : मास्कच्या वाटपात, लसीच्या क्रमात, विम्याच्या यादीत.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे. प्रथम केरमॅक-मॅकेंड्रिक आणि रॉस-मॅकडोनाल्ड ही दोन मूळ प्रतिमाने सविस्तर मांडून, त्यानंतर हातांवाटे, हवेवाटे आणि शारीरिक द्रवांवाटे पसरणाऱ्या संसर्गांसाठी त्यांत करावे लागणारे बदल दिले आहेत. मग यादृच्छिक प्रतिमाने आणि संपर्कजाळी येतात, आणि शेवटी कर्मचाऱ्यांची अनुपस्थिती व कामाचा भार यांना समीकरणात कसे आणावे याचे विवेचन येते. कनिष्ठ महाविद्यालयात कलनशास्त्र शिकलेल्या वाचकाला यातील बहुतेक भाग समजावा, असा प्रयत्न आहे. ज्यांना समीकरणे सोडून द्यायची असतील अशा परिचारिका, प्रशासक आणि लोकप्रतिनिधी यांनाही प्रत्येक प्रकरणातील गृहीतके आणि निष्कर्ष शब्दांत सापडतील.

गणिताकडून भविष्यवाणीची अपेक्षा करणाऱ्या वाचकाची मात्र निराशा होईल. कोविडच्या काळात अमुक तारखेला शिखर येईल असे सांगणारी अनेक प्रतिमाने फसली, आणि त्यामुळे या शास्त्रावरील विश्वास नाहक डळमळला. साथीचे गणित तारखा सांगण्यासाठी नसून पर्यायांची तुलना करण्यासाठी असते : अधिक परिचारिका नेमणे, साप्ताहिक तपासणी, खिडक्या उघडणे, गटवार नेमणूक, यांपैकी उपलब्ध पैशांत कोणता उपाय साखळी तोडेल, हा त्याचा प्रश्न असतो. म्हणून कोणतेही प्रतिमान समोर आले की वाचकाने त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. शुश्रूषा करणाऱ्याला होणारा संसर्ग यात वेगळा मोजला आहे काय, त्याच्याकडून होऊ शकणारा प्रसार त्याच्या कामाच्या परिस्थितीशी जोडला आहे काय, आणि तो आजारी पडल्यास त्याचे काम कोण करणार हे यात कोठे लिहिले आहे काय? या तिन्हींची उत्तरे देणारे प्रतिमान साधे आणि ढोबळ असले तरी वापरण्याजोगे असते. ज्यात ती नाहीत, त्याच्या आधारे रुग्णालय चालवणे म्हणजे तेथे काम करणाऱ्या माणसांच्या जिवाची किंमत न विचारता निर्णय घेणे होय, आणि तो निर्णय अखेर रोग्यांनाही महागात पडतो.